श्वास घेताना आवाज येतो का?

चाळीत मला अर्धी डॉक्टर म्हणायचे आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. शिक्षण बारावी, काम भिवंडीजवळ मानकोलीच्या गोदामात खोक्यांवर स्कॅनर फिरवायचं. पण माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप होतं. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी मोबाईलमध्ये घालून दिलेलं. मुलगी आठ महिन्यांची असताना त्या लसीचं विचारायला आल्या होत्या आणि मी पोरीला दोन शिंका आल्या म्हणून त्यांच्यासमोर रडायला बसले होते. त्यांनी माझा मोबाईल हातात घेतला, पाच मिनिटं खुडबुड केली आणि म्हणाल्या, आता काही झालं की आधी यात बघ, मग रड.

ॲप साधंच होतं. ताप, खोकला, जुलाब, पुरळ, अशी चित्रं. चित्रावर बोट ठेवलं की मराठीत एकेक प्रश्न यायचा, आपण उत्तर दाबायचं, आणि शेवटी एक रंग दिसायचा. हिरवा आला तर घरीच काळजी घ्या आणि काही तासांनी पुन्हा बघा. पिवळा आला तर आज डॉक्टरांना दाखवा. लाल आला तर हातातलं टाकून निघा. त्याच्या आधी मी दर आठवड्याला दवाखान्याची पायरी चढत होते, नाहीतर पडघ्याच्या पुढच्या आमच्या गावी सासूबाईंना फोन लावत होते. त्या ओव्याची पुरचुंडी शेकायला सांगायच्या, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायला सांगायच्या, आणि वर आम्ही चार पोरं वाढवली हे ऐकवायच्या. ॲप काही ऐकवत नव्हतं. कितीही वेळा तेच विचारलं तरी तितक्याच शांतपणे पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायचं. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला ते फार बरं होतं.

शेजारच्या भाभीच्या धाकट्याला एकदा जुलाब लागले. भाभी उत्तरेकडची, तिला मराठी वाचता येत नाही. मी तिच्या उंबऱ्यात बसून एकेक प्रश्न हिंदीत विचारला. डोळे खोल गेलेत का, चिमटीत धरलेली कातडी लगेच खाली बसते का, शेवटची शू कधी केली. लाल आला. ती म्हणत होती की संध्याकाळपर्यंत बघू, मी तिला चप्पल घालायलाही नीट वेळ दिला नाही. पोराला दोन दिवस सलाईन लावावं लागलं आणि पोरगं हसत घरी आलं. त्यानंतर माझा भाव वधारला. बायका पोरं घेऊन माझ्या दाराशी यायच्या आणि मी पदर खोचून विचारायला बसायचे. आमचे हे कॉटवर पडल्या पडल्या हसायचे.

यांच्याबद्दल सांगायला हवं. हे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कारागीर, सतराव्या वर्षापासून. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. स्वभाव गरीब, पोरीवर जीव. एकच खोड, मी काय बोलते तिकडे लक्ष नाही. मीठ द्या म्हटलं तर दार लोटायचे. टीव्ही इतका मोठा लावायचे की भाभी भिंत ठोकायची. फोन आला की कायम स्पीकरवर आणि स्वतः असे ओरडून बोलणार, जणू समोरचा माणूस पलीकडच्या डोंगरावर बसलाय. मी चारचौघांत म्हणायचे, आमच्याकडे मी बोलायचं आणि भिंतीने ऐकायचं. बायका हसायच्या, त्या सगळ्यांच्या घरी हेच होतं. हेसुद्धा हसायचे.

भिवंडीत शुक्रवारी कारखाने बंद असतात. गोदामं मात्र चालू. त्यामुळे शुक्रवारी पोरगी बापाकडे असायची, आणि त्या दोघांचा तो लाडका वार होता. एरवी यांची पाळी बघून ती कधी भाभीकडे असायची, कधी गावाहून सासूबाई येऊन राहायच्या.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, थंडी होती. पोरगी पावणेदोन वर्षांची. दोन दिवस सर्दी, शुक्रवारी सकाळी अंग थोडं कोमट. निघण्याआधी मी ॲपवर सगळं भरलं. हिरवा आला. यांना औषधाची वेळ सांगितली, दोनदा सांगितली, आणि गेले. भाभीही त्या दिवशी तिच्या बहिणीकडे गेली होती.

आमच्या गोदामात मोबाईल आत नेता येत नाही. गेटवर कपाट असतं, त्यात ठेवायचा आणि चावी गळ्यात अडकवायची. जेवणाची सुट्टी अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं गेटपर्यंत जाण्यायेण्यात जातात. एक वाजता मी डबा तसाच हातात घेऊन गेटवर गेले आणि घरी फोन लावला. हे म्हणाले की पोरगी किरकिर करतेय, खोकतेय, वरण-भात थुंकून टाकला. मी म्हटलं, थांबा, आपण परत ॲप भरू. फोन चालू ठेवून मी ॲप उघडलं आणि तिथेच भिंतीला टेकून प्रश्न वाचायला लागले. समोरून ट्रकमागून ट्रक आत येत होते, हॉर्न वाजत होते, यांचा मोठा आवाज होता म्हणून निदान तो तरी ऐकू येत होता.

ताप किती. शंभराला थोडा कमी. पाणी पिते का. पिते. मग एका मिनिटात श्वास किती ते मोजायचं होतं. मी म्हटलं, स्वेटर वर करा, पोट वर आलं की एक धरा, मी वेळ लावते. यांनी बरोबर मोजले, अडतीस. लूमवाल्याला मोजायला शिकवावं लागत नाही, दिवसभर त्यांची नजर हलत्या गोष्टींवरच असते. बरगड्यांखाली खड्डा पडतो का. न्हाय. मग पुढचा प्रश्न होता, श्वास घेताना आवाज येतो का.

"थांब," हे म्हणाले. फोनमध्ये कापडाची सळसळ झाली. मग म्हणाले, "न्हाय. काय आवाज न्हाय."

"नीट बघा."

"छातीला कान लावलाय ना. न्हाय येत."

मी 'नाही' दाबलं. हिरवा आला. खाली लिहिलं होतं, चार तासांनी किंवा त्रास वाढल्यास त्याआधी पुन्हा तपासा. माझ्या जिवात जीव आला, यांना म्हटलं झोपवा तिला, आणि उरलेल्या दहा मिनिटांत डबा खाल्ला. चार वाजता चहाची सुट्टी झाली तेव्हा मोबाईलच्या कपाटापाशी रांग होती. मैत्रिणीने कुणाच्या तरी साखरपुड्याचा चिवडा उघडला होता. हिरवा आलाय, आता दोन तासांत घरीच जाणार आहे, असं म्हणून मी चिवडा खात बसले. हे कुणाला सांगायला मला आजही लाज वाटते, पण लिहायला बसलेय तर तेवढं वगळून कसं चालेल.

साडेसहाला मी गल्लीत शिरले. एरवी आमच्या गल्लीत लूमच्या खडखडाटाने पायाखालची फरशीसुद्धा थरथरते. दोन बायकांना दारात बोलायचं तर एकमेकींच्या कानाशी जावं लागतं. शुक्रवारी मात्र तीन घरं पलीकडची भांडी घासलेलीही कळतात. मी दारात चप्पल काढत होते आणि मला एक बारीक शिट्टी ऐकू आली. थांबायची, परत यायची. मला आधी वाटलं की गॅसवर काहीतरी राहिलंय. मी आत गेले. हे पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते, पाठ थोपटत होते. पोरीचं तोंड यांच्या मानेत होतं, त्यांच्या कानाला जवळजवळ चिकटलेलं. आणि शिट्टी तिथून येत होती.

मला बघून हे समाधानाने म्हणाले, "आत्ताच डोळा लागला. आता बरी हाय ती."

मी पोरीला ओढूनच घेतलं. स्वेटर वर केला. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. ॲप उघडायची गरजच नव्हती. त्यातल्या लाल पानावरचं चित्र माझ्या हातात होतं. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण गल्लीतली दारं उघडली एवढं आठवतं. कुणीतरी रिक्षा थांबवली. रिक्षात मी पोरीला छातीशी धरून बसले होते आणि रस्ताभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. दिवसभर करत काय होतात, एक पोर सांभाळता येत नाही, विचारलं तेव्हा काय झोपेत होतात. हे समोर रस्त्याकडे बघत होते. रिक्षावाल्याला तेवढं दोनदा म्हणाले, भाई, जरा जल्दी.

मुलांच्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. बोटाला यंत्र लावलं, नाकातोंडावर वाफेच्या औषधाचा मास्क धरला. पोरगी आधी रडली, मग रडायलाही तिला दम उरला नाही. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. तोंडाला मास्क. दोन वेळा वाफ दिल्यावर त्यांनी छाती तपासली आणि म्हणाल्या की रात्रभर इथेच ठेवू, उतार पडेल. मग विचारलं, आवाज कधीपासून आहे.

मी म्हटलं, दुपारी नव्हता. ॲपवर विचारलं होतं, एक वाजता तपासलं होतं. मी मोबाईल काढून दाखवायलासुद्धा लागले. त्यांनी बघितलं, म्हणाल्या की प्रश्न बरोबर विचारला होता, पण आता इतकी घरघर आहे त्या अर्थी दुपारीही थोडी असणार. ऐकलं कुणी होतं?

मी यांच्याकडे बोट केलं. नुसतं बोट केलं नाही, नर्ससमोर, दुसऱ्या पोरांच्या आईबापांसमोर म्हटलं, "यांनी. विचारा यांना, लक्ष कुठे होतं."

डॉक्टर यांच्याकडे वळल्या आणि काहीतरी विचारलं. हे गप्प. त्यांनी परत विचारलं. हे माझ्याकडे बघायला लागले, शाळेत उत्तर येत नसलेलं पोर शेजारच्याकडे बघतं तसे. मग डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला आणि आवाज अजिबात न चढवता तोच प्रश्न विचारला, काम कुठे करता.

"लूमवर," हे लगेच म्हणाले.

"किती वर्षं?"

"तेरा झाली."

डॉक्टरांनी मास्क वर केला नाही. तसंच यांच्याकडे तोंड करून, सावकाश, त्यांनी सांगितलं की दादा, मुलीचं बरं झालं की तुमचे कान तपासून घ्या. बारीक आवाज तुम्हाला येत नाहीत असं वाटतंय. इथे येणाऱ्या लूमवाल्यांत मी हे पुष्कळदा बघते. एवढं बोलून त्या दुसऱ्या पोराकडे गेल्या. ओरडल्या नाहीत, मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी स्टुलावर बसले. नऊ वर्षं झाली लग्नाला. मीठ मागितलं की लोटलेलं दार, भिंत ठोकणारी भाभी, स्पीकरवरचा फोन, सगळं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. कोरोनात सगळे मास्क लावायचे तेव्हा हे फार अबोल झाले होते. कारखाने बंद आहेत, चिंता करत असतील, असं मी गावभर सांगितलं होतं. माणसांची तोंडं झाकली गेली म्हणून यांचं जगाशी बोलणंच तुटलं होतं, हे मला आत्ता, या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, परक्या बाईने सांगितल्यावर कळत होतं. आणि मी अर्धी डॉक्टर. चाळीतल्या पोरांचे डोळे तपासत होते, कातडी चिमटीत धरत होते. मला स्वतःचीच चीड आली, इतकी की रडूसुद्धा येईना.

रात्री पोरगी शांत झोपली. सकाळी तिने अर्धं बिस्कीट खाल्लं, नर्सच्या पेनवर डोळा ठेवला, आणि डॉक्टर म्हणाल्या की दुपारी घरी न्या. हे खाली जाऊन चहा घेऊन आले. पोरगी माझ्या मांडीवर होती. मला हातांना काहीतरी काम हवं होतं म्हणून मी मोबाईल काढला आणि ॲप उघडलं. खोकला. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न. असं करत श्वासाच्या आवाजाच्या प्रश्नाशी आले. खाली उत्तरं होती. होय. नाही. आणि त्याखाली तिसरं, नक्की सांगता येत नाही.

मी ते दाबून बघितलं. पिवळा आला. आज डॉक्टरांना दाखवा.

ते तिसरं उत्तर पहिल्या दिवसापासून तिथे होतं. प्रत्येक प्रश्नाखाली होतं. मी कधी कुणाला ते वाचूनच दाखवलं नव्हतं. भाभीलाही नाही, कुठल्याच बाईला नाही. मला वाटायचं की ते बावळटांसाठी आहे, ज्यांना आपल्या पोराचं काही कळत नाही त्यांच्यासाठी. काल गेटवर तर घाई होती, हो की नाही एवढंच मी विचारलं होतं.

मी यांच्यासमोर मोबाईल धरला आणि तोंड त्यांच्याकडे करून, सावकाश, जे झालं ते सांगितलं. म्हटलं, तिसरंही उत्तर होतं, मी वाचलं नाही. चूक माझी आहे.

यांनी ते वाचलं. बराच वेळ बोटाने पडदा वर-खाली करत राहिले.

"वाचलं असतंस तरी मी न्हायच बोललो असतो," ते म्हणाले.

आणि मग हे बोलायला लागले. इतक्या वर्षांत एका दमात इतकं कधी बोलले नसतील. चार-पाच वर्षं झाली म्हणाले. कारखान्यात कुणाला कळत नाही, तिथे सगळेच हातवारे करतात, सगळेच ओरडतात. बाहेर माणसाच्या तोंडाकडे बघितलं की बरंचसं समजतं. मुकादमाला कळलं तर काय, ही एक धास्ती. गावच्या भावकीत बहिरा म्हणून नाव पडेल, ही दुसरी. मी चारचौघांत भिंतीचं बोलायचे तेव्हा त्यांना बरंच वाटायचं म्हणाले, कारण बायकोचं न ऐकणारा नवरा म्हणून लोक हसून सोडून द्यायचे, पुढचं कुणी विचारायचं नाही. काल दुपारी त्यांनी खरंच छातीला कान लावला होता. आवाज आला नाही. मग आवाज नाही, असं ते म्हणाले. आपल्याला ऐकू येत नाही की तिथे आवाज नाहीच, हे मनात आलं होतं, पण तेवढ्यात मी नीट बघा म्हणाले आणि त्यांना राग आला. पोरीच्या बाबतीत तरी मला बहिरा समजू नकोस, असं त्यांना वाटलं होतं.

मी ऐकत होते. त्यांना थांबवायचं नाही, एवढंच मी मनाशी ठरवलं होतं.

"दिवाळीत गावाला," ते म्हणाले, "तू आतून ओरडलीस, बाबा म्हणाली, बाबा म्हणाली. सगळी गोळा झाली. मी हसलो, उचलून घेतली तिला. आठवतं?"

मी मान हलवली.

"मला न्हवतं आयकू आलं. अजून न्हाय आलं."

खिडकीखाली रस्त्यावर शनिवारची गडबड सुरू झाली होती. मी पोरीला मांडीवरून उचललं, यांच्या मांडीवर उभी केली, आणि तिचं तोंड त्यांच्या कानाशी नेलं. तिला म्हटलं, बाबांना हाक मार. तिने माझ्याकडे बघितलं, त्यांच्या कानाची पाळी ओढली, कानात बोट घालून बघितलं. परत सांगितलं तर तिने तोंड मिटून घेतलं. लहान पोरं सांगितल्यावर काही करत नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी मी तिसऱ्यांदा सांगितलं. हे डोळे मिटून बसले होते.

मग तिने आपलं आपणच तोंड कानाशी नेलं आणि हळूच म्हणाली, "पाणी."

माझ्या ओठांवर आलं होतं, ती पाणी मागतेय म्हणून. मी दातांनी ओठ दाबून धरला. यांनी डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पोरीला एका हाताने सांभाळून दुसरा हात लांब केला, टेबलावरची बाटली घेतली आणि झाकण काढून तिच्या तोंडाला लावली.